सिस्टर, बोका तुम्हीच ठेवा

कुंभार पिंपळगाव
१२ जानेवारी २०२५

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून पोस्टानं लिहून राह्यले. अक्षर ओळखून पाकीट फाडून टाकणार असशील तर टाक. पण यात तुझ्याबद्दल काहीच न्हाई. एका बोक्याबद्दल आहे.

मी राहते ती जागा तू पाहिलेली न्हाईस. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत अप्पाराव आणि सोनूबाई म्हणून नवरा-बायको राहतात. मोसंबीचा बाग आहे त्यांचा. त्यांच्याच अंगणात मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत, त्या मी भाड्यानं घेतल्यात. अवघडलेली बाई कधीही येते, हाक मारली की लगेच पोचता यावं म्हणून. पहिल्या दिवशीच मी आडनावासकट सगळं सांगून टाकलं. सोनूबाई म्हणल्या, "आमच्यात तसलं काही मानत न्हाईत, सिस्टर. माणूस चांगलं पाहिजे." मला बरं वाटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण तू म्हणला होतास, गावात राहशील तेव्हा कळंल.

तर बोका. पिवळा, मान जाड, एका कानाचा तुकडा गेलेला. गल्ली त्याला सरपंच म्हणते, कारण तो कुणाच्याही घरात न विचारता शिरतो, मधोमध बसतो आणि खाल्ल्याशिवाय उठत न्हाई. राहायला तसा तो सोनूबाईकडंच आहे. त्यांच्या चुलीपाशी निजतो, त्यांच्या म्हशीचं दूध पितो. पण भीत कुणालाच न्हाई. कुणी खाली बसलं की मांडीवर चढतो आणि पंप चालू केल्यासारखा घरघरतो.

मला मांजर आवडत न्हाई, तुला माहीत आहे. दवाखान्यात मी पू, रक्त, बाळंतिणीची वार, ओकारी सगळं हातानं उचलते. त्याचं काही वाटत न्हाई, हातमोजे असतात, नंतर साबण असतो. पण या बोक्याच्या तोंडाला सडका वास येतो. कानात काळी घाण साचलेली असते. शेपटीखाली काहीतरी वाळून चिकटलेलं असतं आणि तीच शेपटी तो माझ्या पोटरीवरून फिरवतो. परवा ड्यूटीला निघाले, चपलीत पाय घातला तर आत उंदराचं मागचं अर्धं. ओलं. मी पाय लाल होईपर्यंत घासला, तरी दिवसभर बोटांच्या मधी काहीतरी असल्यागत वाटत होतं. सोनूबाईची सून बेबीनंदा हसत म्हणली, "सिस्टर, त्यानं तुम्हाला भेट आणली."

ही बेबीनंदा आता रोज म्हणते, तुमच्याकडंच जास्त असतो, तुम्हीच पाळा त्याला. मी तिला साफ सांगितलं, माझ्या घरात मांजर येणार न्हाई. आईला पण फोनवर तेच सांगितलं. आई मंठ्याला बरी आहे. गुडघे तसेच. तुझं नाव काढत न्हाई, पण तुझ्या शाळेतल्या गोष्टी सांगत राहते.

सुमेधा


कुंभार पिंपळगाव
२ फेब्रुवारी

दादा,

पत्र वापस आलं न्हाई, म्हणजे मिळालं.

आज सुट्टी. सगळ्या चादरी उकळत्या पाण्यात घातल्यात, कारण पिसवा झाल्या. माझ्या पोटावर चावल्याच्या लाल रांगा उठल्यात. कशा आल्या ते विचारू नको. थंडी होती आणि माझ्या मागच्या दाराची कडी नीट बसत न्हाई.

आता जे झालं ते सांगते. मागच्या बाजाराच्या दिवशी शहागडहून नदीची मासळी आल्ती. मी रहू आणला. कालवण केलं आणि डोकं सरपंचाला दिलं, चुलीजवळच, वाटीत. त्यानं डोळ्यासकट फोडून खाल्लं. तो कुरकुर आवाज मला ऐकवेना म्हणून मी भांडी घ्यायला नळावर गेले. तो मिशा चाटत माझ्या दारातून निघाला आणि सरळ सोनूबाईच्या सैपाकघरात गेला. सोनूबाई तेव्हा ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांनी त्याला माझ्या दारातून निघताना पाहिलं आणि त्यांच्या दारात शिरताना पण पाहिलं.

थोड्या वेळानं त्या दुधाचं भगुनं घेऊन बाहेर आल्या आणि सगळं दूध नालीत ओतलं. म्हशीचं, सकाळचं. नाली पांढरी झाली. मी विचारलं, "मावशी, नासलं का?"

"बोक्यानं तोंड घातलं बाई," असं म्हणल्या आणि भगुनं राखेनं घासायला बसल्या. एकदा घासलं, धुतलं, परत घासलं.

दादा, हा बोका त्यांच्या भगुन्यात तोंड घालताना मी कितीदा पाह्यलंय. त्या त्याचं डोकं हातानं बाजूला करायच्या, वरची साय त्यालाच द्यायच्या आणि खालच्या दुधाला विरजण लावायच्या. त्या दह्याची वाटी मला पण आल्ती एकदा. मी मागच्या मागं फेकून दिली होती.

त्या दिवसापासून त्यांच्या सैपाकघराचं दार बंद. सरपंच आला की अंगावर पाणी. त्याला कळंना. भिजला की बंद दारापुढं बसायचा, अंग चाटायचा आणि दाराकडं बघायचा. मला वाटलं, मासळीचं असंल. पण अप्पारावकाका दर रविवारी अंगणात मटण शिजवतात आणि हाडं याच बोक्याला टाकतात.

शेवटी बेबीनंदाच बोलली, नळावर, हळू आवाजात. "मासळीचं न्हाई, सिस्टर. आत्याबाई म्हणतात, आता तो तुमच्या चुलीपाशी जेवतो, मंग आमच्या भांड्यात तोंड घालतो."

मी म्हणले, "आधीपण मी त्याला टाकतच होते की."

"आधी तुम्ही अंगणात टाकायच्या," ती म्हणली. "आता घरात देता." आणि घागर उचलून गेली.

मी घरात आले तर तो माझ्या उशीवर बसलेला. मी त्याला झाडूनं हाणलं. मंग मोरीत जाऊन ओकले.

तुझं बरोबर होतं असं म्हणण्यासाठी मी हे लिहीत न्हाई. तुझ्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाला ऑफिसची माणसं यायच्या आधी तू बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून काढून कपाटात ठेवलास. आईला म्हणलास, सोसायटीत जयभीम म्हणू नको, नुसतं नमस्कार म्हण. आई दिवसभर नवीन सोफ्याच्या टोकावर बसून राह्यली, कुणाला काहीच म्हणली न्हाई. मी पाहुण्यांसमोर बोलले आणि तिला घेऊन निघाले, त्याचा तुला राग आहे. असू दे. मला त्या दिवशी जी किळस आली ती अजून माझ्या तोंडात आहे. या गल्लीतली त्यात मिळाली, एवढंच.

सुमेधा


कुंभार पिंपळगाव
१६ फेब्रुवारी

दादा,

तुझा मेसेज आला. दोन वर्षांनी बोललास ते एवढंच: घर बदल, मांजर सोड.

तू घर बदललंस. त्यानं काय झालं ते मी पाहून आले.

इथं सोनूबाईच्या पाठीवर मोठं गळू झालंय. त्यांना शुगर आहे. डॉक्टरांनी चिरून पू काढला, आणि रोजचं ड्रेसिंग मी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन करून राह्यले. तुला वाटंल, का जातेस. त्यांना बसता येईना, गाडीवर तर मुळीच न्हाई, आणि मी अंगणापलीकडं राहते. जखम माझ्या अंगठ्याएवढी खोल आहे. आत गॉजची वात भरावी लागते, जुनी ओढून काढावी लागते. वास असा की बेबीनंदा पदर नाकाला लावून बाहेर थांबते.

एक गोष्ट मला कळत नव्हती. रोज मी कोरडी पट्टी बांधून यायचे आणि दुसऱ्या दिवशी ती ओली निघायची. कडेची कातडी पांढरी पडून फुगलेली. औषध चालू, सुई चालू, तरी जखम जशीच्या तशी. मी त्यांना बजावलं होतं, पाठीला पाणी लागू द्यायचं न्हाई. त्या बरं म्हणायच्या.

काल ड्रेसिंग करताना मी विचारलं. त्यांची पाठ माझ्याकडं होती, म्हणून विचारता आलं. "मावशी, बोका घरात का घेत न्हाईत आता?"

पाठ जरा हलली. मंग त्या म्हणल्या, "राग मानू नका, सिस्टर. तुम्ही मला लेकीवानी. तुमचा हात किती हलका हाय. पण चुलीचं येगळं असतं."

माझा चिमटा तेव्हा त्यांच्या जखमेत होता. मी म्हणले, "आणि हे?"

"हे औषध हाय. औषधाला काय नसतं." आणि अगदी साधेपणानं, मला बरं वाटावं म्हणून म्हणल्या, "आणि तुम्ही गेल्यावर मी अंगावरून पाणी घेतेच की."

दादा, मी वात भरत होते ती तशीच धरून राह्यले. रोज. माझा हात लागला म्हणून ही बाई रोज उघड्या जखमेवर पाणी ओतून घेत होती. पू परवडला, पण मी नको. मी पट्टी बांधली. चिकटपट्टीचे कोपरे दाबले. हात धुतले आणि उठले.

बाहेर अप्पारावकाका बाजेवर बसले होते. मला म्हणले, "सिस्टर, बोका तुम्हीच ठेवा. तुमच्याकडं बराबर जमतंय त्याचं. इथं नुसता तरास. न्हाईतर गुरवारी मोसंबीचा टेम्पो शहागडला चाललाय, पोत्यात घालून पुलापलीकडं सोडतो. नदी वलांडली की मांजर वापस येत न्हाई. काय ते जल्दी सांगा."

काही बक्षीस द्यावं तसं ते बोलले.

तेव्हापासून माझं डोकं फिरून गेलंय. त्याला घेतला तर त्यांच्या घरातलं जे बाटलं ते माझ्या दारात टाकलं आणि मी उचललं, असं होतं. आपल्या आजीनं जन्मभर हेच केलं. त्यांची मेलेली ढोरं, त्यांची उतरलेली लुगडी, त्यांच्या शिळ्या भाकरी. बाबांनी ते सोडायला किती मार खाल्ला तुला माहीत आहे. आणि न्हाई घेतला तर त्या हायवेवर ट्रकखाली जाईल. तो माणसाला भीत न्हाई, गाडीला पण भिणार न्हाई.

आईला विचारलं. ती म्हणली, "त्यांनी टाकलेलं घेऊ नको. आणि जनावर मरू देऊ नको."

मी म्हणले, "दोन्ही कसं होईल?"

"तू शिकलीस. तू बघ," म्हणली आणि फोन ठेवला.

सुमेधा


कुंभार पिंपळगाव
२३ फेब्रुवारी

दादा,

बुधवारी मी अप्पारावकाकांना सांगितलं, "बोका तुमचा आहे. तुमच्या घरचं मी घेणार न्हाई." ते म्हणले, ठीक आहे. मला वाटलं, सुटले. रात्रभर मागच्या दाराला दगड लावून ठेवला.

गुरुवारी सकाळी ड्यूटीला निघाले तर टेम्पो अंगणाच्या तोंडाशी भरून उभा. मोसंबीचे कॅरेट रचलेले आणि मागच्या हुकाला खताचं पोतं टांगलेलं, सुतळीनं तोंड आवळलेलं. पोतं हलत होतं. खालून काहीतरी गळत होतं. सरपंच ओरडायचा तसा ओरडत नव्हता, आतून खालच्या आवाजात एकसारखा कण्हत होता. बाळंत होताना बाया शेवटी शेवटी दमून करतात तसा.

मी त्याच्या बाजूनं निघून जाऊ शकत होते. चार पावलं गेले पण.

मंग वापस फिरले, टेम्पोच्या चाकावर पाय देऊन चढले आणि पोतं काढलं. ॲप्रनमधल्या कात्रीनं सुतळी कापली. दादा, तो त्यात हगला होता, मुतला होता आणि त्यातच लोळला होता. बाहेर आला तो सरळ माझ्या अंगावर चढला आणि मानेला नख्या रुतवून चिकटला. सगळं माझ्या पांढऱ्या गणवेशावर, मानेवर, केसात. गरम. मी त्याला धरूनच वाकले आणि टेम्पोच्या चाकापाशी ओकले. ड्रायव्हर बघत होता. बेबीनंदा झाडू घेऊन उभी. सोनूबाई दारात.

अप्पारावकाका हसले. "शेवटी घेतलाच की न्हाई? काल सांगितलं असतं तर पोतं वाया गेलं नसतं."

मी तोंड पुसलं आणि म्हणले, "काका, याचं खाणं, दवाखाना, सगळं मी करते. पण मी याला कोंडणार न्हाई. माझं दार उघडं राहील. हा माझ्या चुलीपाशी जेवंल आणि मंग याला वाटंल त्या घरात जाईल, आतापर्यंत जात होता तसा. तुम्हाला चालत नसंल तर तुम्ही दूध ओता. रोज ओता."

"मंग खोल्या खाली कराव्या लागतील, सिस्टर."

"लेखी द्या. कशापायी खाली करायला लावता, ते पण त्यात लिहा."

ते ड्रायव्हरला चल म्हणले आणि पुढं जाऊन बसले.

मी सोनूबाईकडं वळले. "मावशी, ड्रेसिंग आता घरी होणार न्हाई. दवाखान्यात यायचं. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा."

त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आत गेल्या.

सरपंचाला मी अंगणातल्या नळावरच धुतलं, सगळ्यांच्या देखत. त्यानं माझे दोन्ही हात फाडले. मंग दवाखान्यात जाऊन मी स्वतःच सुई टोचून घेतली. केस चार वेळा धुतले तरी वास जात न्हाई. गणवेश जाळला. आणि हा रात्री येऊन माझ्या मानेपाशी, जिथं नख्या रुतवल्या तिथंच तोंड घालून निजला. तोंडाचा वास तोच, सडका. मी भिंतीकडं तोंड केलं. त्याला उठवलं न्हाई.

सुमेधा


कुंभार पिंपळगाव
१६ मार्च

दादा,

तू विचारलंस, खोल्या सोडल्या का. न्हाई सोडल्या. लेखी काही आलं न्हाई आणि येईल असं वाटत न्हाई.

सोनूबाई बरेच दिवस दवाखान्यात आल्याच न्हाईत. बेबीनंदा घरीच पट्टी बदलायची, डोळे मिटून. ती सांगायची, वास वाढला, ताप येतो. मी रोज तिच्याजवळ निरोप द्यायचे, घेऊन ये. स्वतः गेले न्हाई. अंगण ओलांडलं की त्यांचं दार, आणि मी त्या दाराकडं न बघता येत-जात होते. एका आजारी म्हातारीला सडू देऊन राह्यलो का आपण, असं मनात यायचं. मंग ते अंगावरून घेतलेलं पाणी आठवायचं आणि पाय उचलत नव्हते.

शेवटी एका सकाळी अप्पारावकाकांनी त्यांना गाडीवर आणलं. केसपेपर काढला. बाकावर जागा एकच होती, इथल्या आपल्या लोकांच्या वस्तीतल्या एका बाईच्या शेजारी. तिच्या मांडीवर जुलाब लागलेलं लेकरू, आणि ते लेकरू पाय झाडत होतं. त्याचा पाय एकसारखा सोनूबाईच्या मांडीला लागत होता. त्यांनी लुगडं आवरून घेतलं. परत लागला. मी आतून बघत होते. नंबर बराच लांब होता. त्या उठल्या न्हाईत.

आत आल्यावर मी पट्टी सोडली. दादा, मी या कामात मुरलेली बाई आहे, पण मला तोंड फिरवावं लागलं. जखम आतून हिरवी पडली होती. मी सगळं साफ केलं. फार वेळ लागला. त्यांनी टेबलाची कड धरून ठेवली होती, हूं की चूं केलं न्हाई.

मी म्हणले, "मावशी, आज घरी जाऊन अंगावरून पाणी घेतलं, तर उद्या मी काहीच करू शकणार न्हाई. जालन्याला न्यावं लागंल. तिथं पाठ किती कापतील सांगता येत न्हाई."

त्या म्हणल्या, "न्हाई घेणार."

मी म्हणले, "बघू."

दुसऱ्या दिवशी पट्टी कोरडी निघाली. तिसऱ्या दिवशी पण. मला बरं वाटलं. आपण केवढ्याशा गोष्टीनं खूश झालो, या बाईनं आपला हात एक दिवस अंगावर राहू दिला म्हणून, हे ध्यानात आलं आणि माझीच मला शिसारी आली. तरी बरं वाटलं ते वाटलंच.

आता जखम भरत आलीय. परवा पट्टी बांधत होते तेव्हा त्या पाठमोऱ्याच म्हणल्या, "सरपंच नीट खातो का?"

मी म्हणले, "खातो. बघायला या घरी."

त्यांनी पोलक्याची बटणं लावली, केसपेपर घडी करून कमरेला खोचला आणि बाहेर जाऊन काकांची वाट बघत उभ्या राह्यल्या.

सरपंच रोज त्यांच्या सैपाकघरात जातो. दार आता लोटलेलं असतं, कडी नसते. दुधाचं काय करतात मला माहीत न्हाई. नालीकडं मी बघत न्हाई. बेबीनंदाला विचारलं तर ती म्हणते, आत्याबाई कधी ओततात, कधी मला म्हणतात तू बघ, आणि मी काय बघते ते मी सांगत न्हाई.

आईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "त्याच्या पिसवा गेल्या का?" न्हाई गेल्या. औषध आणलंय, तो लावू देत न्हाई.

सोनूबाई अजून माझ्या घरात आलेल्या न्हाईत. तू पण न्हाईस. येशील तेव्हा कपड्यांचा एक जोड जादा आण. बोका आल्या माणसाच्या अंगावर चढतो आणि त्याचा वास एका धुण्यात जात न्हाई.

सुमेधा